जपानात विद्यार्थी म्हणून

विद्येसाठी घर सोडून दूरदेशी जाणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. काशीस जाऊन बारा वर्षे गुरुगृही राहिलेल्या शास्त्र्यांच्या हकिकती आपल्या आज्यापणज्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितल्या आहेत. परंतु काशीस जाणारा विद्यार्थी एका अर्थी घरातल्या घरातच फिरत असे. तेथे देव तेच, शास्त्र तेच, आणि पानात पडणारे अन्नही फारसे निराळे नसे. ज्या देशाची लिपी अपरिचित, अन्न अपरिचित, ऋतूही अपरिचित, अशा देशी जाऊन तेथील लोकांत विद्यार्थी म्हणून राहणे हा प्रकार अगदी वेगळा होय. इंग्लंडास गेलेल्यांनी तो अनुभवला व त्याविषयी पुष्कळ लिहिले. जपानास गेलेल्यांविषयी आपल्याकडे बोलणे फार थोडे झाले आहे.

हा विषय आमच्या मनात येण्यास एक घरगुती निमित्त घडले. चिमूर येथे श्रीहरी बालाजीची घोडायात्रा माघात भरते. गेल्या यात्रेच्या गर्दीत आमचे एक जुने स्नेही भेटले. तालुक्याच्या कचेरीत आयुष्य घालवून ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या धाकट्या कन्येस एका जपानी विद्यापीठात वर्षभर शिकण्याची संधी आली होती, आणि घरात त्याच गोष्टीची चर्चा चालली होती. ते म्हणाले, "गुरुजी, ती तिथं राहील कशी, हे मी विचारत नाही. पोरगी धीराची आहे, राहील. पण वर्षानं येताना ती घेऊन काय येईल, ते सांगा." प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. त्या उत्तराचा शोध घेता घेता जे आठवले व जे जुळविता आले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, आपल्याकडून जपानास विद्यार्थी जाण्यापूर्वी कापूस गेला. १८९३ साली टाटांच्या सहकार्याने एका जपानी जहाज कंपनीने मुंबई व जपान यांमध्ये नियमित वाहतूक सुरू केली. तिचे मुख्य प्रयोजन हिंदुस्थानचा कापूस जपानी गिरण्यांस पोचविणे हे होते. आपला कच्चा माल बोटीत चढतो आणि त्याचे कापड होऊन बाजारात उतरते, हे दृश्य पाहणाऱ्या विचारी माणसाच्या मनात एक शंका सहज उभी राही. हे लोकही आपल्यासारखेच भात खाणारे, देवळात घंटा वाजविणारे, नुकतेच सरंजामशाहीतून बाहेर पडलेले. मग ह्यांस जे साधले ते आपणांस का साधू नये?

१९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा ह्या शंकेचे रूपांतर उत्साहात झाले. आशियातील एका राष्ट्राने युरोपातील एका बलाढ्य साम्राज्यास नमविले, ह्या वार्तेने आपल्या देशातील तरुण किती हर्षभरित झाले असतील, ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्याच वर्षी वंगभंग झाला व स्वदेशीची चळवळ पेटली. कलकत्त्यास जोगेंद्रचंद्र घोष ह्यांनी १९०४ सालीच एक मंडळी स्थापून शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी विद्यार्थी परदेशी पाठविण्यास आरंभ केला होता, आणि त्यांतील अनेकांचा रोख जपानकडे होता. काच, साबण, आगकाड्या, पेन्सिली, गुंड्या, कंगवे, छत्र्या असल्या लहानसहान वस्तूंचे धंदे शिकण्यासाठी बंगालचे, पंजाबचे, संयुक्त प्रांताचे व महाराष्ट्राचे तरुण योकोहामाच्या धक्क्यावर उतरू लागले.

त्या काळी आमच्या भागातील एखाद्या तरुणाने जपानास जावयाचे मनात आणिले असते, तर त्यास चिमुराहून वरोऱ्यापर्यंत बैलगाडी, वरोऱ्याहून वर्ध्यावरून मुंबईपर्यंत आगगाडी, आणि मग कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत जाणारी आगबोट, असा दीर्घ प्रवास करावा लागला असता. समुद्रगमनाचे प्रायश्चित्त हा प्रश्न पुन्हा निराळाच! आज हेच अंतर नागपुराहून विमानाने एका दिवसात तुटते. परंतु अंतर तुटले म्हणून परकेपणा तुटतो असे नाही. तो घालविण्याचे काम रोजच्या जगण्यातच करावे लागते, आणि ते शंभर वर्षांपूर्वी जितके होते तितकेच आजही आहे.

तेथील विद्यार्थ्याचा दिवस कसा जाई, हे पाहू. विद्यापीठास लागलेली वसतिगृहे सर्वांस मिळत नसत. पुष्कळ जण 'गेशुकू' म्हणजे खानावळीसह भाड्याची खोली पाहत. खोलीचे माप हात-फुटांत सांगण्याची चाल तेथे नाही. गवती चटया किती बसतात त्यावर ते सांगतात, आणि विद्यार्थ्याची खोली म्हणजे साडेचार चटयांची, ही गोष्ट तेथे जवळजवळ म्हणीसारखी झाली आहे. सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा त्या चटया. त्यांवर खुर्ची नाही, पलंग नाही. रात्री कपाटातून गादी काढावयाची, सकाळी घडी करून परत कपाटात ठेवावयाची, म्हणजे निजण्याची खोली तीच अभ्यासाची खोली होते. जोडे दाराबाहेरच्या पायरीशी काढून मगच आत पाऊल टाकावयाचे. इंग्लंडातील घरात जोड्यांसह वावरताना संकोचणाऱ्या आपल्या माणसास हे पाहून घरी आल्यासारखे वाटल्यास नवल नाही.

परंतु हे समाधान हिवाळ्यापर्यंतच टिके. भिंतींच्या जागी कागदी सरकती दारे, आणि ऊब म्हणून मधोमध ठेवलेली कोळशांची एक शेगडी. चैत्र-वैशाखात अंगाची लाही करणाऱ्या चांद्याच्या उन्हात वाढलेल्या मुलास टोकियोचा हिवाळा तसा मुळीच मानवणारा नव्हे. त्यावर तेथील उपाय म्हणजे कढत पाण्याचे स्नान. पूर्वी घरोघर न्हाणीघर नसे. गल्लीतील सार्वजनिक स्नानगृहात जावे, आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावे, आणि मग सर्वांसाठी भरलेल्या त्या कढत कुंडात गळ्यापर्यंत बसावे, अशी पद्धत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आपल्या माणसास परक्यांसमवेत एकाच पाण्यात बसणे हा पहिला मोठा धडा होता. पाणी सर्वांचे आहे म्हणून ते प्रत्येकाने आधी अंग धुऊन मग वापरावयाचे, ह्या नियमात जो नागरिकपणा आहे तो एखाद्या ग्रंथातून शिकविता आला नसता.

अन्नाची अडचण मात्र खरी होती व आजही आहे. भात मिळे, सोयाबीनचे सूप मिळे, मुळ्याचे लोणचे मिळे. परंतु शाकाहारी माणसास जे निर्धास्त वाटावे त्या सुपातही वाळविलेल्या मासोळीचा अर्क असे. बौद्ध मठांत शुद्ध शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. पण विद्यार्थ्याने रोज मठात जेवावयास जावे कसे? मग कोणी नियम सोडले, कोणी हाताने रांधू लागले, कोणी भात व दही-साखर शोधीत हिंडले. पुढे १९१५ साली जपानात आश्रयास गेलेले रासबिहारी बोस ह्यांनी ज्या सोमा कुटुंबाच्या घरी लपून दिवस काढले, त्या कुटुंबाच्या शिंजुकू येथील दुकानातून १९२७ पासून हिंदुस्थानी पद्धतीची आमटी व भात विकला जाऊ लागला. राजद्रोही म्हणून परागंदा झालेल्या एका माणसाने त्या शहरास आपल्या घरची चव लावली, ही इतिहासातील गोड योगायोगाची गोष्ट होय.

ह्या सर्व अडचणींहून मोठी अडचण भाषेची. आपल्या तरुणांची अशी समजूत होती की, इंग्रजी येते म्हणजे जगाची विद्या हाती आली. जपानात उतरताच ती समजूत ढळे. १८६८ नंतर जपानने परदेशी अध्यापक मोठ्या पगारावर आणिले खरे, परंतु त्यांच्या हाताखाली आपली माणसे तयार करून हळूहळू त्यांस निरोप दिला. १९०५ च्या सुमारास टोकियोच्या वरिष्ठ औद्योगिक शाळेत रसायन शिकविले जाई ते जपानी भाषेत. तत्त्वज्ञान, विज्ञान ह्यांस त्यांनी चिनी चित्राक्षरांतून नवे शब्द घडविले होते, आणि ते शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी खेळत होते. जो हिंदी विद्यार्थी ही भाषा शिकला नाही, त्यास वर्गात बसून काही उपयोग नसे. त्याने कारखान्यात उभे राहून डोळ्यांनी जे टिपता येईल तेवढेच टिपावे.

जो शिकला, त्यास मात्र काही आश्चर्ये भेटत. तेथील अक्षरमाला आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी चालते. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या इतका जवळ का, ह्याचे उत्तर सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध भिक्षूंपाशी आहे. मंत्रांसाठी ते सिद्धम् लिपी व संस्कृताची उच्चारपद्धती शिकत, आणि तीच मांडणी त्यांनी आपल्या अक्षरांस लावली. वाक्यात क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागून, ही रचनाही मराठी माणसास इंग्रजीपेक्षा सोपी वाटते. घरातून बाहेर पडताना जपानी मूल जे म्हणते त्याचा अर्थ नुसता 'जातो' असा नसून 'जाऊन येतो' असा आहे. आपल्याकडेही 'जातो' म्हणणे अशुभ मानून 'येतो' म्हणण्याची रीत आहेच. टोकियोतील उएनो येथील तळ्याच्या मध्यभागी जे देवालय आहे, त्यातील देवी म्हणजे आपली सरस्वती. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. अशा ठिकाणी उभा राहिलेला विद्यार्थी परका खरा, परंतु अगदीच अनोळखी नव्हे.

येथपर्यंत चित्र रम्य आहे. परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जपान आशियाचा उद्धारकर्ता होईल, ह्या आशेने जे तरुण गेले त्यांस लवकरच दिसून आले की, विजयी राष्ट्राचे हितसंबंध निराळे असतात. जपान व इंग्लंड यांच्या १९०२ च्या तहाचे १९०५ साली नवीकरण झाले, तेव्हा हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या संरक्षणाचा इंग्रजांचा हक्क जपानने मान्य केला. त्यामुळे राजकारणात मन घालणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यावर तेथेही नजर असे. १९१० साली जपानने कोरिया गिळला. १९१६ साली रवींद्रनाथ तेथे गेले, तेव्हा आक्रमक राष्ट्रवादाविरुद्ध त्यांनी स्पष्ट शब्दांत इशारा दिला आणि तो तेथील पुष्कळांस रुचला नाही.

त्या काळी टोकियोत चिनी विद्यार्थ्यांची संख्या फार मोठी होती. १९०५-०६ च्या सुमारास ती आठ हजारांच्या घरात गेली होती. त्यांच्यापैकी एक, पुढे लू शुन ह्या नावाने प्रसिद्धीस आलेला तरुण, १९०४ साली सेंदाई येथील वैद्यकीय शाळेत दाखल झाला. फुजिनो नावाचे तेथील एक अध्यापक त्याची टिपणवही दर आठवड्यास मागून घेत, आणि विषयाच्या चुकाच नव्हे तर भाषेच्या चुकाही तांबड्या शाईने सुधारून परत देत. त्याच शाळेत एके दिवशी युद्धाची चित्रे पडद्यावर दाखविण्यात आली. त्यांत जपानी सैनिक एका चिनी माणसाचा शिरच्छेद करीत आहेत व सभोवार चिनीच माणसे निर्विकारपणे पाहत उभी आहेत, असे एक चित्र होते. वर्गमित्रांनी जयघोष केला. त्या तरुणाने वैद्यक सोडले व लेखणी हाती घेतली. परंतु फुजिनो ह्यांची तसबीर त्याने पुढे आपल्या अभ्यासिकेत लावून ठेवली होती. ज्या देशाने अपमान केला, त्याच देशातील एका शिक्षकाने माणूस म्हणून वागविले, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. परदेशात शिकणाऱ्याच्या वाट्यास बहुधा असेच मिश्र दान येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे विद्यार्थी परत आले, तेव्हा त्यांनी काय आणिले?

ह्याचे उत्तर देताना तीन उदाहरणे पुढे ठेवितो. पहिले ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांचे. हे गृहस्थ संयुक्त प्रांतातले. काचेचा धंदा शिकण्यासाठी ते जपानास गेले. परत येऊन एकट्याने भट्टी पेटविण्याचा प्रयत्न करणाऱ्या अनेकांप्रमाणे तेही कदाचित थकले असते. परंतु महाराष्ट्रात त्या वेळी अंताजी दामोदर काळे ह्यांनी दारोदार हिंडून एकेक पैसा गोळा केला होता. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. ह्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला व तो चालविण्यास वार्ष्णेय मिळाले. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत पसरले. जपानातून आली ती कृती; ती रुजविली येथील पैशापैशाने.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे. हे विद्यार्थी म्हणून जपानास कधीच गेले नाहीत. जिन्झो नारुसे ह्यांनी १९०१ साली टोकियोस स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले होते. त्याची माहिती देणारे एक पुस्तक काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त ह्यांनी जपानाहून परतल्यावर कर्व्यांकडे पाठविले. १९१५ च्या अखेरीस मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारताना कर्व्यांनी तीच कल्पना मांडली, आणि पुढील वर्षी हिंगण्यास महिला विद्यापीठ सुरू झाले. त्यात उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेविले, हे विशेष होय. एक पातळसे पुस्तक समुद्र ओलांडून आले आणि त्याचे विद्यापीठ झाले, कारण ते ज्या हाती पडले ते हात वीस वर्षे ह्याच कामात मळलेले होते.

तिसरे उदाहरण आमच्या शेजारच्या वर्ध्याचे, आणि ते मनास चटका लावणारे आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म १८८४ साली वर्ध्यास झाला. टिळकांच्या प्रेरणेने ते देशाबाहेर पडले व प्रथम जपानास गेले. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनी शेतकीचे उच्च शिक्षण घेतले. गदर चळवळीत त्यांनी उडी घेतली. महायुद्धाच्या काळात ते इराणपर्यंत भटकले, आणि अखेर १९२४ साली मेक्सिकोत स्थिर झाले. मेक्सिकोतील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभारल्या, मक्याच्या जातींवर संशोधन केले. दिएगो रिवेरा ह्या विख्यात चित्रकाराने भिंतीवरील आपल्या चित्रात त्यांस भाकरी वाटणाऱ्यांत बसविले. परंतु वर्ध्याच्या काळ्या मातीस त्यांच्या विद्येचा लाभ व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले. तोवर परक्या सरकारने स्वदेशाचा दरवाजा त्यांस बंद ठेविला होता. १९६७ साली नागपुरास ते वारले. ज्याने विद्या मिळविली त्याची योग्यता येथे तसूभरही कमी नव्हती. कमी होती ती घरची जमीन, आणि तीही त्याच्या दोषामुळे नव्हे.

ह्या तीन उदाहरणांवरून आमचा एक ग्रह बनला आहे. परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी काय घेऊन येईल, हे त्याच्या बुद्धीवर अर्धेच अवलंबून असते. उरलेले अर्धे, त्याच्या पाठीमागे राहिलेली माणसे तेवढ्या वेळात काय तयार करून ठेवतात, ह्यावर असते. जपानने स्वतः हेच केले. १८७२ साली तोमिओका येथे फ्रेंच यंत्रांची रेशीमगिरणी निघाली, तेव्हा दूरदूरच्या गावांतील मुली तेथे शिकावयास आल्या. मात्सुशिरो येथील वादा एई ही सामुराई घराण्यातील मुलगी त्यांपैकीच एक. वर्षभर वसतिगृहात राहून ती सूत काढण्यास शिकली. इकडे तिच्या गावकऱ्यांनी स्वतःची गिरणी उभी केली होती. ती परतली तशी तेथे शिक्षिका झाली. पुढे १९०९ च्या सुमारास कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपानने चीनलाही मागे टाकले. त्यात अशा असंख्य मुलींच्या हातांचा वाटा आहे.

जपानचे व आमच्या ह्या वनभागाचे नाते केवळ पुस्तकी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९३३ च्या ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी हे भिक्षू वर्ध्यास गांधीजींस भेटले. त्यानंतर जपानी भिक्षू आश्रमात येऊन राहू लागले. त्यांपैकी एक तर सेवाग्रामचा घरचाच माणूस झाला. आपली मुले जपानात जशी चटईवर बसावयास शिकली, तसा तो येथे सूत कातावयास व आश्रमाच्या घंटेवर उठावयास शिकला. तोही एक विद्यार्थीच. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्यास पकडून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेस उद्देशून सेवाग्रामाहून एक अनावृत पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाचा त्यांनी त्यात कठोर निषेध केला. त्याच पत्रात त्या भिक्षूच्या हसतमुख कर्तव्यनिष्ठेची त्यांनी आठवण काढली, आणि तो मागे ठेवून गेलेल्या लहानशा ढोलाच्या तालावर आश्रमाची प्रार्थना अजून सुरू होते, हेही लिहिले. राष्ट्राचा निषेध करावयाचा आणि त्याच राष्ट्रातील माणसाची प्रार्थना आपल्या प्रार्थनेत ठेवावयाची, हा विवेक थोड्यांस साधतो.

त्या पत्रानंतर महिनाही झाला नव्हता, तोच १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. त्या दिवसाची व त्यानंतर गावावर कोसळलेल्या अत्याचारांची हकिकत येथे नव्याने सांगावयास नको. चिमूरच्या स्त्रियांची दाद लागावी म्हणून प्राध्यापक भन्साळी ह्यांनी ६३ दिवस उपवास केला, हे सर्वश्रुत आहे. ज्यांच्या भजनांनी ह्या परिसरात जागृती झाली त्या तुकडोजी महाराजांसही त्याच महिन्यात तुरुंगात जावे लागले. चिमूरजवळचे गोंदोड्याचे रान ही त्यांची तपोभूमी. तेच महाराज १९५५ साली, युद्धात पोळून निघालेल्या जपानात, विश्वधर्म परिषदेसाठी गेले. ज्या देशाने अणुबाँबचा दाह सोसला त्या देशात खंजिरीवर भजन म्हणावयास आमच्या रानातला एक साधू जातो, ह्याहून निराळा विद्याव्यवहार तो कोणता?

युद्धानंतर विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्यास नवे वळण लागले. १९५४ साली जपान सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९५६ साली भारत व जपान यांच्यात सांस्कृतिक करार झाला. १९८३ साली जपानने एक लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट ठरविले, ते २००३ मध्ये पुरे झाले. २००८ साली ते तीन लाखांवर नेले, तेही २०१९ पर्यंत गाठले. पुणे हे जपानी भाषा शिकविण्याचे एक मोठे केंद्र झाले. विद्यार्थी म्हणून जपानची ओळख झालेले व पुढे तेथेच स्थायिक झालेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या नगरसभेवर निवडून आले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्यावर पोलिसांची नजर असे, त्यांच्या वारसांस आज मते मिळतात, एवढा हा पालट आहे.

आजच्या विद्यार्थ्याचा दिवस बाह्यतः निराळा दिसतो. कागदी दारांची जागा काँक्रीटच्या भिंतींनी घेतली आहे. साडेचार चटयांच्या खोलीत आता पलंग आला आहे. पोचताच विभागाच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवावयाचे, आरोग्यविमा उतरावयाचा, सायकल मिळवावयाची. कचरा जळणारा कोणता व न जळणारा कोणता हे ओळखून तो नेमल्या वारीच बाहेर ठेवावयाचा. फावल्या वेळात काम करावयाचे झाल्यास परवानगी घेऊन, आणि तेही आठवड्यास २८ तासांपर्यंतच. दुकानातील डब्यावरची चित्राक्षरे वाचून त्यात मासळी आहे की नाही हे पाहावयाचे. ह्या तपशिलात नवीन काय आहे? चटई, स्नानगृह व सूप ह्यांनी जे शिकविले तेच सायकल, कचरा व डबा शिकवितात. आपल्या वागण्याने दुसऱ्याची गैरसोय होऊ नये, स्वतःचे काम स्वतःच्या हाताने करण्यात कमीपणा मानू नये, आणि आपली भाषा कोणत्याही विद्येस पुरी पडेल असा विश्वास बाळगावा, हे ते धडे होत. तेथील शाळांत वर्गाची झाडलोट बहुधा मुलेच करितात. हे एक दृश्य आमच्या चिमूरच्या एका शाळेत जरी आले, तरी एका वर्षाचा खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.

पण ते येईल केव्हा? आरमोरीकडे ढिवर लोक अजून रानात ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. आमचे बुरूड बांधव बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणतात. रेशीम व बांबू ह्या दोन्ही वस्तूंस जपानने जो मान मिळवून दिला तो पाहून एखादी मुलगी परत आली, तर तिचे ऐकून घेण्यास येथे कोणी बसणार आहे काय? तिला एखादी खोली, चार शिकाऊ हात, एखादी सहकारी मंडळी मिळणार आहे काय? की तिची विद्या नागपुरा-पुण्याच्या वाटेने पुन्हा समुद्रापलीकडे जाईल? आज जपानमध्ये माणसांची टंचाई आहे. तरुणांस तेथे ठेवून घेण्यास तो देश उत्सुक आहे. तेव्हा मुलगी परत यावी असे वाटत असेल, तर तिला शपथ घालून भागणार नाही.

आम्ही हे सर्व त्या स्नेह्यांस एका संध्याकाळी सांगितले. ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, तयारी तिची नाही, आपलीच करायची म्हणता." आम्ही होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या सामानात ठेवण्यासाठी एक कोरी वही विकत आणली, आणि तशीच दुसरी स्वतःसाठीही आणली. तीत पहिल्या पानावर त्यांनी गावातील कोणाकोणास भेटावयाचे आहे त्यांची नावे लिहिली आहेत. मुलगी आता जाऊन येते म्हणून निघाली आहे.